शपथ घेतलेली घटना बदलावी, असे म्हणावे का?

एडिसन, न्यू जर्सी येथून एका भगिनींचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग तेवढा इथे देत आहे.

"आम्ही मूळचे सांगलीचे. बावीस वर्षे इथे काढल्यावर गेल्या वर्षी यजमानांनी आणि मी नागरिकत्व घेतले. भारतीय पासपोर्ट परत केला त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगा वीस वर्षांचा, जन्माने इथलाच, फिलाडेल्फियात शिकतो. सुट्टीत घरी आला की जेवताना रोज वाद होतो. तो म्हणतो, अमेरिकेची ही राज्यघटना जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीची आहे, जास्त मते मिळवूनही इथे उमेदवार हरतो, मग मत द्यायचेच कशाला? यजमान म्हणतात, आपण बाहेरून आलेली माणसे, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. मला मुलाचे बरेचसे पटते, पण मी हात वर करून या घटनेच्या रक्षणाची शपथ घेतली आहे. आता तीच बदलायला हवी असे म्हटले तर तो शपथभंग होणार नाही का? शिवाय न्यू जर्सीचा निकाल आधीच ठरलेला असतो असे सगळे म्हणतात. मग माझ्या एका मताने काय होणार?"

ताई,

तुमच्या घरातल्या तिघांपैकी कोणाचेच म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण पत्र वाचताना मी थबकले ती तुमच्या शपथेच्या वाक्यापाशी. शेकडो अनोळखी माणसांबरोबर उभे राहून उच्चारलेले शब्द घरी आल्यावरही मनात वागवणारी माणसे थोडी असतात, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

तुम्ही ज्या घटनेचे रक्षण करण्याची शपथ घेतली, तिचे मूळ अनुच्छेद सात आहेत आणि त्यांतला पाचवा संपूर्ण अनुच्छेद ही घटना कशी बदलायची एवढ्याच विषयाला दिलेला आहे. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी दुरुस्ती सुचवावी, किंवा दोन तृतीयांश राज्यांनी मागणी केल्यास त्यासाठी परिषद बोलवावी, आणि सुचवलेली दुरुस्ती तीन चतुर्थांश राज्यांनी, म्हणजे आजच्या 50 पैकी 38 राज्यांनी, मान्य करावी, अशी ती रीत आहे. शपथ घेतली ती या अनुच्छेदासह घेतली. त्यामुळे त्या रीतीने बदल मागणारी व्यक्ती शपथ मोडत नाही, शपथेच्या आतच राहून बोलते. शपथ मोडते ती ही वाट सोडून, जबरदस्तीने किंवा मते न मोजता सत्ता हातात ठेवू पाहणाऱ्याची. 6 जानेवारी 2021 रोजी वॉशिंग्टनमध्ये संसद भवनात जमाव घुसला आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांच्या मतांची मोजणी काही तास थांबली, त्या दिवशी मला या दोन गोष्टींमधला फरक जितका स्पष्ट दिसला तितका पूर्वी कधी दिसला नव्हता.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेच्याच थॉमस जेफरसन यांच्या विचाराचा आधार घेतला होता. प्रत्येक पिढी हे जणू एक स्वतंत्र राष्ट्र असते आणि एका पिढीला पुढच्या पिढीला बांधून ठेवण्याचा अधिकार नाही, असा तो विचार. ज्यांनी संविधान लिहिण्यात उमेदीची वर्षे घातली, त्यांनीच बदलाचे दार उघडे ठेवण्याचे समर्थन केले होते.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी जी प्रश्नावली तुम्ही पाठ केली असेल, तिच्यात घटनेला आजवर किती दुरुस्त्या झाल्या हा प्रश्न होता आणि उत्तर होते 27. तो आकडा पाठ करताना आपले घर त्यात कुठे बसते हे बहुधा कोणी सांगितले नसेल. तुम्ही स्त्री आहात. लिंगावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही, हे देशभर ठरले ते 1920 च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने. मुलगा वीस वर्षांचा आहे. अठराव्या वर्षी मत देता येते ते 1971 च्या सव्विसाव्या दुरुस्तीमुळे, एरवी तो आणखी वर्षभर थांबला असता. वंश आणि वर्ण पाहून मत नाकारू नये असे सांगणारी पंधरावी दुरुस्ती 1870 ची, आणि तिच्या आधाराशिवाय तुमच्या यजमानांचे मतही सुरक्षित नव्हते. घटनेत काही तरी चुकले आहे असे म्हणण्याचे धाडस त्या त्या काळी कोणी तरी केले, म्हणून आज तुमच्या घरात तीन मते आहेत.

पंधराव्या दुरुस्तीची एक खूण तुमच्या अगदी जवळ आहे. एडिसनहून पर्थ अँबॉयला जायला मोटारीने अर्धा तासही लागत नाही. ती दुरुस्ती मंजूर झाल्याचे 30 मार्च 1870 रोजी अधिकृतपणे जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी पर्थ अँबॉयमध्ये थॉमस मंडी पीटरसन या कृष्णवर्णीय गृहस्थांनी मत दिले. या दुरुस्तीच्या बळावर देशात दिले गेलेले पहिले मत म्हणून ते ओळखले जाते. ते मत कोणा मोठ्या पुढाऱ्याला निवडण्यासाठी नव्हते. गावाची सनद सुधारून ठेवावी की मोडीत काढावी, असा साधा स्थानिक प्रश्न होता. पुढे गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना पदक दिले. त्यांची समाधी तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे. एखाद्या रविवारी तिघे मिळून जाऊन या. मी गेले होते तेव्हा बराच वेळ तिथून पाय निघाला नव्हता.

आता यजमानांच्या बोलण्याविषयी. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, ही म्हण आपल्या रक्तात आहे आणि तिच्यामागची कृतज्ञता खरी आहे. पण तिच्याखाली थोडी भीतीही असावी, असे मला त्यांच्या वयाच्या अनेकांशी बोलून वाटते, आणि त्या भीतीला इतिहासात आधारही आहे. 1923 साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा ठरत नाही, म्हणून तो नागरिकत्वाला पात्र नाही, असा निर्णय दिला. थिंड यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती, तरीही. आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचे नागरिकत्व त्यानंतर काढून घेतले गेले. ही वाट पुन्हा खुली झाली ती 1946 च्या कायद्याने, आणि तो कायदा गप्प बसून मिळाला नव्हता. त्यासाठी इथल्या मूठभर भारतीयांनी वर्षानुवर्षे वॉशिंग्टनचे उंबरे झिजवले होते. त्यांपैकी एक, दलीपसिंग सौंद, 1949 मध्ये नागरिक झाले आणि 1956 मध्ये कॅलिफोर्नियातून थेट काँग्रेसवर निवडून गेले. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 साली मिशिगनमधून निवडून आले. यजमानांना माझा निरोप सांगा, की ज्या घराचा कर तुम्ही भरता आणि ज्याच्या कागदावर तुमचे नाव आहे, त्या घराचा वासा कुजला असेल तर तो दाखवून देणे हे घरच्या माणसाचे काम आहे.

त्यांची सावधगिरी एका ठिकाणी मात्र पूर्णपणे योग्य आहे. तुमच्या नात्यातले कोणी एच-1बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर इथे असतील, तर त्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवता कामा नये. मोटार परवान्याच्या खिडकीवर समोर आलेल्या फॉर्मवर घाईने केलेली सहीसुद्धा त्यांना महागात पडू शकते.

मुलाचा मुद्दा अधिक खोलात जाऊन पाहायला हवा, कारण त्याचा राग खरा असला तरी त्याची माहिती अर्धी आहे. राष्ट्राध्यक्ष निवडतात ते 538 निर्वाचक, आणि जिंकायला त्यांपैकी 270 लागतात. राज्याचे प्रतिनिधिगृहात जितके सदस्य आणि सिनेटमध्ये जे दोन, तितके त्या राज्याचे निर्वाचक. त्याशिवाय राजधानी वॉशिंग्टनचे तीन. मेन आणि नेब्रास्का वगळता सगळीकडे ज्याला राज्यात एक मत जरी जास्त मिळाले, त्याच्या झोळीत त्या राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. त्यामुळे 2000 मध्ये अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही जॉर्ज बुश जिंकले, आणि 2016 मध्ये हिलरी क्लिंटन 28 लाखांहून अधिक मतांनी पुढे असूनही डोनाल्ड ट्रम्प जिंकले. 2024 मध्ये ट्रम्प यांना देशभरातली मतेही जास्त मिळाली आणि निर्वाचकही, म्हणून त्या वर्षी हा प्रश्न उठला नाही. पण व्यवस्था तीच राहिली.

ही व्यवस्था तुमच्याच घरात कशी वागते ते पाहा. तुम्ही डेलावेअर नदीच्या अलीकडे राहता, मुलगा पलीकडे. न्यू जर्सीचे निर्वाचक (आज 14) 1992 पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले आहेत, म्हणून राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार इथे प्रचाराला फारसे फिरकत नाहीत. पेनसिल्व्हेनियाचे निर्वाचक (आज 19) 2016 मध्ये ट्रम्प यांना, 2020 मध्ये जो बायडेन यांना आणि 2024 मध्ये पुन्हा ट्रम्प यांना मिळाले. 2016 मध्ये तिथले अंतर 45 हजार मतांचेही नव्हते. मायलेकांच्या मतांचे वजन एक पूल ओलांडला की बदलते. हे मला न्याय्य वाटत नाही, आणि माझे मत विचारलेच आहे तर स्पष्ट सांगते की राष्ट्राध्यक्षाची निवड थेट लोकांच्या मतांनी व्हावी असे मला वाटते. व्यक्ती कुठे राहते यावरून तिच्या मताचे मोल ठरू नये.

मात्र विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मला आजही विचारात पाडतो. 2000 च्या निवडणुकीत सगळा प्रश्न फ्लोरिडातल्या 537 मतांवर येऊन अडकला. एकाच राज्याच्या फेरमोजणीवरून पाच आठवडे देश टांगणीला लागला. थेट निवडणुकीत असेच अटीतटीचे अंतर पडले, तर पन्नास राज्यांत, पन्नास वेगवेगळ्या नियमांनी फेरमोजणी करावी लागेल. म्हणजे थेट निवडणूक हवी असेल तर त्याआधी देशभर मतमोजणीचे नियम सारखे करावे लागतील, हे मुलालाही मान्य करावे लागेल. लहान राज्यांचा आवाज दबेल हा दुसरा आक्षेप मला तितका पटत नाही, कारण वायोमिंगसारख्या सहा लाखांच्या आतल्या राज्यालाही सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाइतक्याच दोन जागा आहेत, आणि पाचव्या अनुच्छेदाने त्या समान जागा त्या राज्याच्या संमतीशिवाय काढता येणार नाहीत अशी तजवीज करून ठेवली आहे.

हे कोणी बदलायला निघालेच नाही, अशी मुलाची समजूत असेल तर ती दूर करा. 1969 मध्ये प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर केली होती आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचाही तिला पाठिंबा होता. 1970 मध्ये सिनेटमध्ये प्रामुख्याने दक्षिणेकडच्या आणि लहान राज्यांच्या सदस्यांनी चर्चा लांबवत नेऊन ती अडवली. तिच्यासाठी झटणारे इंडियानाचे सिनेटर बर्च बाय यांनीच पुढच्या वर्षी अठरा वर्षांच्या मुलांना मताधिकार देणारी दुरुस्ती पार पाडली. राज्यांनी तिला शंभर दिवसांत मान्यता दिली. एक दुरुस्ती अडली आणि एक शंभर दिवसांत झाली, आणि त्या दुसरीमुळेच तुमचा मुलगा आज मतदार आहे.

शिवाय दुसरी एक वाट चालू आहे आणि तुमचे राज्य तिच्यावर आधीपासून आहे. ज्याला देशभरात सर्वाधिक मते मिळतील त्यालाच आपले सगळे निर्वाचक द्यायचे, असा करार काही राज्यांनी आपसात केला आहे. करारातल्या राज्यांचे मिळून 270 निर्वाचक झाले की तो लागू होईल. मेरीलँडनंतर त्यात सामील झालेले दुसरे राज्य न्यू जर्सी, आणि ते जानेवारी 2008 मध्येच. 2024 मध्ये मेन आले तेव्हा बेरीज 209 झाली होती. अशा कराराला काँग्रेसची संमती लागेल असे विरोधक म्हणतात, आणि वेळ आल्यावर हा वाद न्यायालयात जाईल यात मला शंका नाही. पण तुमच्या राज्याच्या विधिमंडळाने हे पाऊल उचलले, आणि त्या विधिमंडळावर कोणी बसायचे ते तुमच्या मताने ठरते.

इथे मी तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी येते. नागरिक झाल्यावर मी पहिले मत 2000 साली दिले. राष्ट्राध्यक्षपदासाठी मत नोंदवले आणि खालची नावे न वाचता अभिमानाने बाहेर आले. पुढे घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचे बिल नीट वाचले तेव्हा कळले की त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांकडे जातो आणि शालेय मंडळासाठी उभी राहिलेली नावे मी पाहिलीही नव्हती. आमच्या मंडळाने त्या वर्षी घेतलेल्या एका निर्णयावर मी नंतर वर्षभर कुरकुरत राहिले. ती चूक तुम्ही करू नका.

निवडणुकीआधी घरी नमुना मतपत्रिका येते. ती जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर केरात टाकू नका. तिच्यावर टाउनशिपपासून काउंटीपर्यंतची पदे असतात आणि कधी कधी शेवटी एक सार्वजनिक प्रश्न असतो. तो प्रश्न अनेकदा न्यू जर्सीच्या स्वतःच्या घटनेत दुरुस्ती करण्याचाच असतो, आणि तिथे निर्णय देतात ते मतदार. 2013 मध्ये किमान वेतन तासाला 8.25 डॉलर करून ते महागाईबरोबर वाढत जाईल, अशी दुरुस्ती लोकांनी मतपत्रिकेवरच मंजूर केली. घटना बदलावी की नाही हा प्रश्न तुम्ही माझ्यापुढे ठेवला आहे. तुमचे राज्य तोच प्रश्न अधूनमधून थेट तुमच्यापुढे ठेवते, आणि अर्धे लोक मतपत्रिकेच्या त्या टोकापर्यंत पोहोचायचा कंटाळा करतात अशी माझी समजूत आहे.

पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूकही चुकवू नका. ज्या राज्यात एका पक्षाचा जोर असतो, तिथे खरी निवड तिच्यातच होते. न्यू जर्सीच्या बहुतेक काउंट्यांत पक्षसंघटनेने पसंत केलेले उमेदवार मतपत्रिकेवर एका ठळक रांगेत आणि बाकीचे कुठे तरी कडेला, अशी मांडणी अनेक वर्षे चालत आली होती. अँडी किम सिनेटच्या उमेदवारीसाठी उभे राहिले तेव्हा त्यांनी या मांडणीविरुद्ध दावा लावला आणि मार्च 2024 मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. पुढच्या वर्षी राज्याने कायदाच बदलला. नावांची जागा बदलली एवढेच वरवर दिसते, पण पुढाऱ्यांच्या हातातली केवढी तरी सत्ता त्यामुळे मतदारांच्या हातात आली. आणि निकाल आधीच ठरलेला असतो म्हणणाऱ्यांना हेही सांगा, की 2020 मध्ये न्यू जर्सीत दोन पक्षांमध्ये सुमारे 16 टक्क्यांचे अंतर होते आणि 2024 मध्ये ते सुमारे 6 टक्क्यांवर आले.

जेवताना होणाऱ्या वादाबद्दल एवढेच सुचवते, की मुलाला गप्प करू नका आणि स्वतःही गप्प राहू नका. तो घटनेवर बोलला की घटनेचे नेमके वाक्य काढून दाखवायला सांगा. ती फार मोठी नाही, एका बैठकीत वाचून होते. राष्ट्राध्यक्षपदावर दोनदाच निवडून येता येते हे बाविसाव्या दुरुस्तीत, आणि इथे जन्मलेला इथला नागरिक हे चौदाव्या दुरुस्तीत लिहिलेले आहे. जानेवारी 2025 मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि आपल्या कितीतरी तरुण जोडप्यांची झोप उडाली, तेव्हा तो आदेश न्यायालयात नेता आला तो या लिहिलेल्या वाक्यामुळेच. एखादा नियम बदलावा असे वाटले की तिघांनीही स्वतःला विचारा, उद्या त्याचा फायदा मला न आवडणाऱ्या उमेदवाराला झाला तरी मी हेच म्हणेन का? मी स्वतः या प्रश्नापुढे एकदोनदा माझी मते बदलली आहेत.

त्याला दोन गोष्टी जरूर सांगा. ऑगस्ट 1920 मध्ये एकोणिसावी दुरुस्ती टेनेसीच्या विधिमंडळात अडली होती. तेव्हा 24 वर्षांचे सदस्य हॅरी बर्न कोटावर विरोधकांचे लाल गुलाब लावून बसले होते, पण खिशात आईचे पत्र होते. स्त्रियांच्या बाजूने मत दे, असे तिने लिहिले होते. त्यांनी तसे मत दिले, टेनेसी हे आवश्यक असलेले 36 वे राज्य ठरले आणि दुरुस्ती झाली. दुसरी गोष्ट टेक्सासमधल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याची. 1789 मध्ये सुचवलेली आणि विस्मृतीत गेलेली एक दुरुस्ती अजूनही मंजूर होऊ शकते, असा निबंध त्यांनी 1982 मध्ये लिहिला. त्याला सी श्रेणी मिळाली. ते राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रे लिहीत राहिले आणि 1992 मध्ये ती सत्ताविसावी दुरुस्ती म्हणून घटनेत आली. तेव्हा त्यांचे वय तिशीपर्यंतच होते.

एक काम मात्र पुढच्या सुट्टीची वाट न पाहता करा. मुलाचे नाव मतदारयादीत कुठे आहे, मुळात आहे का, हे आजच फोन करून विचारा. विद्यार्थ्याला कॉलेजच्या पत्त्यावर पेनसिल्व्हेनियात नोंदणी करता येते किंवा तुमच्या घरच्या पत्त्यावर न्यू जर्सीत, पण मत एकाच ठिकाणी देता येते. तो खरोखर कुठे राहतो हे त्याने स्वतः ठरवावे. ज्या राज्यात काही हजार मतांवर देशाचा राष्ट्राध्यक्ष ठरतो, तिथे राहून तो मत कशाला द्यायचे असे विचारतो आहे, हे त्याला तुमच्याकडून कळू द्या.